जुन्या मारुती झेनचा टायमिंग बेल्ट: दोनदा बदलला, आठ महिन्यांचा अनुभव
गाडी 1998 ची कार्ब्युरेटरवाली झेन, बाबांची. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातला दातेरी पट्टा, खालचा क्रँक (पिस्टनने फिरणारा दांडा) आणि वरचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांना एका तालात ठेवणारा. तो शेवटचा कधी बदलला विचारलं तर "बदलला असेल की कधीतरी", म्हणून गणपतीला गावी जायच्या आधी टाकूनच घेतला. कव्हर उघडलं तर जुन्याच्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या आणि वरून ऑइलने चिकट.

पहिल्या गॅरेजने दोन तासात काम उरकलं, गाडी चालू झाली, आयडलिंग पण ठीक. पण ताम्हिणी घाटात सेकंडलाच रडायला लागली, एसी लावला की संपलंच, अ‍ॅव्हरेज 15 वरून 12. परत नेली तर त्याने डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना स्पार्क वाटणाऱ्या भागाचा) बोल्ट सैल करून कानाने ऐकत थोडा फिरवला, घ्या झालं म्हणाला. पिकअप जरा बरा वाटला पण आता चढावर टकटक.

मग ओळखीतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी डिस्ट्रिब्युटरला हातच लावला नाही, आधी कव्हर काढलं, खाली क्रँकच्या दातेरी पुलीवरची खूण बाणासमोर आणली आणि म्हणाले वर कॅमची बघ. एक दात मागे, म्हणजे पहिल्याने बेल्टच एक दात चुकवून बसवलेला! या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमवरच फिरतो ना, म्हणजे कॅम उशिरा तर स्पार्क पण उशिरा, आणि डिस्ट्रिब्युटर फिरवून स्पार्क पुढे आणता येतो पण व्हॉल्व्ह उशिराच उघडणार, दुखणं तसंच राहतं.

कॅमचं ऑइल सील गळत होतं ते पहिल्याने बदललंच नव्हतं, महिन्याभराचा बेल्ट पण ओला, म्हणून परत नवीन. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) हाताने फिरवला तर खरखर, तोही नवीन टाकला. बेल्ट चढवल्यावर पाना लावून इंजिन दोन पूर्ण फेरे फिरवलं, खुणा परत जुळवल्या, मगच टेन्शनर आवळला. टायमिंग लाइट (स्पार्क नेमका कधी पडतो ते बघायचा दिवा) शेवटी. बेल्ट स्वस्तच असतो हो, मजुरी दोनदा गेली ती लागली मनाला.

आणि हो, या गाडीत वॉटर पंप टायमिंग बेल्टवर नाही, फॅनबेल्टवर आहे, गॅरेजवाले "पंप पण आत्ताच करावा लागेल" म्हणाले तर आधी गळतोय का ते दाखवायला सांगा.

आता आठ महिने, सात हजार किमी झाले. अ‍ॅव्हरेज परत 15, ताम्हिणीत बराचसा चढ थर्डवर निघतो, टकटक नाही. कव्हरचा एक बोल्ट मात्र पहिल्या गॅरेजमध्येच हरवलाय, सकाळी गार इंजिनला तिथून किरकिर येते, मिळाला की लावणार.