लॅब्रॅडॉरच्या पिल्लाचं खाणं : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जाई घरी आली तेव्हा आठ आठवड्यांची होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर परात ठेवून तिला त्यात बसवलं, तर ४ किलो ७०० ग्रॅम भरली. आज ती दहा महिन्यांची आहे आणि वजन २५ किलो आहे. पहिला आठवडा सोडला तर मधला सगळा काळ ती रॉयल कॅनिन कंपनीच्या ‘मॅक्सी पपी’ या पिल्लांच्या कोरड्या खाण्यावर वाढली आहे. घरात पिल्लू आणायच्या बेतात असलेल्यांनी हे वाचावं म्हणून सविस्तर लिहितेय, कारण आम्हाला त्या वेळी जो तो वेगळंच सांगत होता.

ज्यांच्याकडून तिला आणलं त्यांनी दोन गोष्टी बरोबर दिल्या होत्या : आहाराचा एक कागद आणि कॅल्शियमच्या औषधाची बाटली. कागदावर लिहिलं होतं, दिवसातून चार वेळा लहान बाळांचं गव्हाचं पाकीट दुधात कालवून द्या. आम्ही इमानेइतबारे दिलं. तिसऱ्या दिवशी शी पाण्यासारखी पातळ, शेपटीखालचे केस चिकट, आणि रात्री दोन वाजता पिल्लू केविलवाणं रडतंय. डॉक्टरांनी तपासलं, जंतांचं औषध वेळेवर झालंय ना ते विचारलं आणि आधी दूध बंद केलं. आईचं दूध तुटलं की पिल्लाची दुधातली साखर पचवायची ताकद कमी होत जाते, त्यात गाई-म्हशीच्या दुधात ही साखर कुत्रीच्या दुधापेक्षा जास्त. दूध बंद केल्यावर दोन दिवसांत शी घट्ट झाली.

पण डॉक्टर जास्त गंभीर झाले ते बाटली बघून. आपल्याकडे मोठ्या जातीचं पिल्लू म्हटलं की कॅल्शियम हवंच, हे डोक्यात पक्कं बसलंय. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. त्यांनी समजावलं ते असं : पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला गरज नसेल तर त्याचं आतडं जादा कॅल्शियम शोषून घेत नाही. लहान पिल्लाला, विशेषतः सहा महिन्यांच्या आतल्या, हे नीट जमत नाही. पोटात जाईल त्यातला बराच भाग शरीरात शिरतोच. मग वाढत्या सांध्यांमध्ये कूर्चेचं हाड व्हायची क्रिया बिघडते, पाय वाकडे होऊ शकतात. लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, ग्रेट डेन अशा झपाट्याने वाढणाऱ्या जातींना हा धोका जास्त. म्हणून ‘आफ्को’ या, पाळीव प्राण्यांच्या खाण्याचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या निकषांत मोठेपणी ७० पौंड, म्हणजे सुमारे ३२ किलो किंवा त्याहून जास्त होणाऱ्या कुत्र्यांच्या पिल्लांसाठी कॅल्शियमची खालची आणि वरची मर्यादा आखून दिली आहे : पाणी वगळून उरलेल्या अन्नात १.२ ते १.८ टक्के. त्याच्या जोडीला फॉस्फरसचं प्रमाणही जमावं लागतं. कॅल्शियम फॉस्फरसइतकं तरी हवं, पण दुपटीच्या वर नको. पिल्लांच्या चांगल्या खाण्यात हा मेळ आधीच घातलेला असतो. वरून बाटली ओतली की तो मोडतो. बाटली त्याच दिवशी गेली.

मग खरी निवड सुरू झाली. दुकानात तीन पिशव्या समोर ठेवून मी अर्धा तास उभी होते. पुढच्या बाजूला तिन्हींवर ताजं मांस, गाजरं, तजेलदार कुत्रा. कामाचं सगळं मागे, बारीक अक्षरांत. तिथे वाचताना जे शिकले ते सांगते. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, आणि हे वजन कच्च्या मालाचं. ताज्या चिकनमध्ये निम्म्याहून खूप जास्त पाणी असतं, म्हणून ते यादीत पहिलं येतं. वाळवलेल्या चिकनची पूड तिसऱ्या नंबरावर दिसली तरी तिच्यातून मिळणारं प्रोटीन कमी नसतं. दुसरं, कोरडं खाणं आणि ओलं पाऊच यांचे टक्के थेट ताडून पाहू नका. कोरड्या दाण्यांत १० टक्के पाणी धरलं तर लेबलवरचे २६ टक्के प्रोटीन पाणी वगळून साधारण २९ होतात. पाऊचमध्ये ८० टक्के पाणी असेल तर लेबलवरचे ८ टक्के पाणी वगळल्यावर ४० होतात. वाढत्या पिल्लाला हा पाणी वगळून काढलेला आकडा किमान २२.५ हवा.

दुकानदाराचा आग्रह ‘ग्रेन फ्री’, म्हणजे धान्य नसलेल्या पिशवीचा होता. भात-मका म्हणजे नुसती भरताड, असं तो म्हणाला. मी ती घेतली नाही. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने जुलै २०१८ मध्ये अशा, वाटाणा-मसूर जास्त असलेल्या खाण्यांचा आणि कुत्र्यांच्या एका हृदयविकाराचा संबंध आहे का, याची तपासणी जाहीर केली होती. थेट कारण सिद्ध झालेलं नाही, पण जाईला धान्याची ॲलर्जी नसताना आपण त्या वाटेला का जावं? कुत्र्याला शिजवलेला भात पचतो, हे आपल्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय.

मॅक्सी पपी घेतलं त्याचं कारण साधं : ते मोठेपणी २६ ते ४४ किलो होणाऱ्या कुत्र्यांच्या २ ते १५ महिन्यांच्या पिल्लांसाठी आहे. जाई नेमकी त्यात बसते. नुसतं ‘पपी’ लिहिलेलं खाणं छोट्या पॉमेरेनियनलाही चालतं आणि लॅब्रॅडॉरलाही, पण दोघांची वाढ सारखी नसते. कॅल्शियमचा आकडा डॉक्टरांकडच्या माहितीपुस्तिकेत पाहून घेतला, मगच पिशवी फोडली. बदल सात दिवसांत केला. आधी पाव हिस्सा नवीन, दोन दिवसांनी निम्मं, मग पाऊण, मग सगळं. पोट एकदाही बिघडलं नाही. पहिले दोन महिने दाणे कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून देत होते. दात बदलताना, चौथ्या-पाचव्या महिन्यात, तिला ते बरं वाटायचं.

सगळ्यात जास्त शिकवलं ते मात्र मोजण्याने. सुरुवातीला मी वाटीने घालायचे. एकदा तीच वाटी तीनदा भरून काट्यावर ठेवली तर ९२, १०४ आणि ११८ ग्रॅम! तेव्हापासून सकाळीच दिवसभराचे दाणे तोलून एका डब्यात काढून ठेवते. शिकवताना बक्षीस द्यायचं तेही त्याच डब्यातून. चौथ्या महिन्यात ती १२ किलोची होती तेव्हा दिवसाला ३०० ग्रॅम लागायचे. आज वजन दुप्पट आहे आणि लागतात ३१५. वाढीचा वेग उतरतो तशी किलोमागची भूकही उतरते. वजन वाढलं म्हणून खाणं त्याच हिशेबाने वाढवलं असतं तर आज ही पिंप झाली असती.

यावरूनच घरात कुरबुर झाली. सासूबाई निफाडच्या, लहानपणापासून दारात कुत्री. सहाव्या महिन्यात जाईच्या अंगावरून हात फिरवत म्हणाल्या, “अगं, हिच्या बरगड्या लागतात हाताला. उपाशी ठेवू नका मुक्या जिवाला.” त्यांचा जीव तुटत होता, आणि जाई त्यांच्याकडे अशा डोळ्यांनी बघायची की कुणालाही वाटावं हिला चार दिवस काही मिळालं नाही. २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी दाखवलंय की चारातल्या जवळपास एका लॅब्रॅडॉरमध्ये एका जनुकाचा तुकडा गळलेला असतो, आणि अशा कुत्र्यांची खाण्याची ओढ जास्त असते. तिचे डोळे म्हणजे मोजमाप नव्हे.

मी त्यांना डॉक्टरांनी दाखवलेली युक्ती करून दाखवली. हात टेबलावर पालथा, सपाट ठेवायचा आणि दुसऱ्या हाताची बोटं त्याच्या पाठीवरून फिरवायची. हाडं लागतात, पण वर पातळ आवरण आहे. बरगड्या अशाच लागायला हव्यात. मूठ वळून उंचवट्यांवरून बोटं फिरवली तर जसं लागतं, ते फार रोड. आणि तळव्याकडची बाजू दाबून जसं लागतं, ते लठ्ठ. सासूबाईंनी दोनदा स्वतःच्या हातावर, दोनदा जाईवर करून पाहिलं. “पाठीसारखंच लागतंय,” म्हणाल्या. त्यांना मी ४८ लॅब्रॅडॉरच्या अभ्यासाचंही सांगितलं. एकाच वेतातल्या भावंडांच्या जोड्या केल्या, एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खायला घातलं आणि जन्मभर पाहिलं. २००२ मध्ये निष्कर्ष आले. कमी खाणारी कुत्री सरासरी १.८ वर्षं जास्त जगली, त्यांचे सांधेही उशिरा दुखायला लागले. दोन वर्षं म्हणजे कुत्र्याच्या आयुष्यात किती! आता त्या तुपाची पोळी देत नाहीत, काकडीची फोड देतात. एकूण वरखाणं दहाव्या हिश्शापेक्षा जास्त होऊ द्यायचं नाही, एवढा नियम आम्ही पाळतो. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट मात्र वर्ज्य. नाशिकच्या घरात द्राक्षं खाली पडणारच, म्हणून ती टोपली आता फ्रीजवर असते.

एक चूक झाली ती जुलैत. पिशवी संपली, नवीन यायला चार दिवस होते, म्हणून जवळच्या एका दुकानातून दुसरं खाणं सुटं दोन किलो आणलं. उघड्या पोत्यातून वाटीने काढून दिलेलं. जाईने हुंगलं आणि तोंड फिरवलं. लॅबने खाण्याकडे पाठ फिरवावी! मी मूठभर नाकाशी नेलं तर जुन्या तळणाच्या तेलासारखा खवट वास, आणि दाणे बोटांनी दाबल्यावर कुरकुरीत तुटायच्या ऐवजी लवत होते. पावसाळी हवेत उघड्या दाण्यांवरची चरबी खवट होते, बुरशीही धरते, आणि काही बुरशींचं विष यकृतावर जातं. सगळं फेकलं. आता महिन्यात संपेल एवढीच बंद पिशवी आणते आणि पिशवीसकट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवते. तारीख आणि बॅच नंबर पिशवीवरच असतो, म्हणून दाणे डब्यात ओतून पिशवी टाकून देऊ नका.

खर्च जड आहे. महिन्याला साडेनऊ किलो लागतं, म्हणजे सहा हजारांच्या वर. न परवडणाऱ्यांना कमीपणा वाटायचं काही कारण नाही. कमी किमतीची, पण पिल्लांसाठी पूर्ण आहार असं लेबलवर लिहिलेली, मोठ्या जातींचा स्पष्ट उल्लेख असलेली पिशवी घरच्या अंदाजपंचे चिकन-भातापेक्षा कितीतरी बरी. बिनहाडाच्या चिकनमध्ये फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावापुरतं असतं. घरचंच द्यायचं असेल तर व्हेटकडून मोजमापासकट लिहून घ्या.

जाईचे केस चमकतात, शी घट्ट आणि दिवसातून दोनदा, चालताना मागचे पाय सरळ पडतात. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी कंबरेचे सांधे हलवून पाहिले, ठीक आहेत म्हणाले. पंधराव्या महिन्यापर्यंत हेच चालू ठेवायचं ठरलंय. पुढची पिशवी मोठ्यांची, तीही सात दिवसांत, पाव-पाव करत.