एसपीएफ ५० जेल सनस्क्रीन: माल चांगला, लेबल जरा जास्तच बोलतंय

बऱ्याच दिवसांपासून वापरतेय. क्रीम नाही, जेल आहे, त्यामुळे चेहऱ्यावर चुना फासल्यासारखं दिसत नाही. सावळ्या स्किनवर झिंकवाली सनस्क्रीन्स बऱ्याचदा राखाडी दिसतात, इथे तो प्रॉब्लेमच नाही, मिनिटभरात मुरतं आणि वासही जवळपास नाही. फक्त घाम आला की कपाळावरून ओघळून डोळ्यात जातं आणि अशी काही आग होते की विचारू नका, म्हणून कपाळाला मी हे लावतच नाही, तिथे टोपी.

खरं तर ५ पैकी ४ स्टार देणार होते, एक कापलाय तो लेबलमुळे. मागे लिहिलंय की रोज लावा आणि मेलानोमाची (म्हणजे त्वचेच्या एका घातक कॅन्सरची) काळजी सोडा. काळजी कशी सोडा?

म्हणजे उन्हाने मेलानोमा होतो हे खरंच आहे, ते काही कंपन्यांनी माल खपवायला काढलेलं खूळ नाही. उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण पेशींच्या डीएनएची वाट लावतात आणि त्वचेवरच्या बऱ्याचशा मेलानोमामधे त्याच ठराविक पद्धतीचे बिघाड ढिगाने सापडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने ऊन १९९२ लाच नक्की कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या यादीत टाकलं, टॅनिंग बेड (कातडी टॅन करायचे यूव्ही दिव्यांचे बेड) २००९ ला. पण सगळं ऊन सारखं नाही ना. वर्षभर ऑफिसात बसायचं आणि सुट्टीत एकदम उघड्या अंगाने उन्हात पडून कातडी सोलवटून घ्यायची, त्यातून लहानपणी असं भाजलेलं असेल तर जास्तच, हा प्रकार मेलानोमाला सगळ्यात पोषक, तोही मुख्यतः गोऱ्या स्किनला. रोज उन्हात काम करणाऱ्यांमधे मेलानोमा तेवढा वाढलेला दिसत नाही, त्यांना त्वचेचे दुसरे कॅन्सर जास्त होतात, तेव्हा ऊन त्यांनाही माफ नाहीच.

आणि सनस्क्रीनचा उपयोग होतो का, तर ऑस्ट्रेलियातल्या नॅम्बोरला १६०० च्या वर लोकांवर प्रयोग झाला, १९९२ ते १९९६. निम्म्यांना रोज लावायला दिलं, बाकीच्यांना म्हटलं तुमच्या मनाप्रमाणे चालू द्या. नंतर दहा वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं तर रोज लावणाऱ्यांत ११ जणांना मेलानोमा आणि दुसऱ्या गटात २२ जणांना. आकडे छोटे आहेत मान्य, पण मला पटण्याइतके आहेत. फक्त बघा, लावणाऱ्यांतही ११ जणांना झालाच की!

शिवाय लेबलवाले ज्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत तो मेलानोमा तळहातावर, तळपायावर, नखाखाली होतो. तिथे ऊन हे मुख्य कारणच नाही. सावळ्या आणि काळ्या स्किनच्या लोकांना मेलानोमा मुळात कमी होतो, पण झाला तर बऱ्याचदा याच जागी होतो आणि तिथे कोणी बघत नाही म्हणून उशिरा कळतो. गायक बॉब मार्ले १९८१ मधे गेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखालच्या मेलानोमाने, तिथे कोणतं सनस्क्रीन काय करणार होतं. नखात नवीन काळी पट्टी येऊन रुंद होत चाललीय, तळव्यावरचा डाग पसरतोय, तीळ आकार-रंग बदलतोय किंवा ६ मिमीच्या वर गेलाय, तर बाटल्या बदलत बसू नका, सरळ स्किनच्या डॉक्टरला दाखवा.

आता प्रमाण. लॅबमधे एसपीएफ मोजतात तेव्हा दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावतात, म्हणजे मोठ्या माणसाच्या सगळ्या अंगाला ३० मिलीच्या आसपास. ही ट्यूब ५० मिलीची. करा हिशोब, धड दोनदाही पुरत नाही! वाटाण्याएवढं थेंबभर चोपडून ५० चं प्रोटेक्शन मिळालं असं समजू नका. चेहरा आणि मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं घ्या, बाहेर असाल तर दर दोन तासांनी परत. ३० आणि ५० मधे तसा मोठा फरक नाही, पूर्ण प्रमाणात लावलं तर ३० वालं साधारण ९७ टक्के अडवतं, ५० वालं ९८. आणि एसपीएफचा आकडा मुख्यतः यूव्हीबीचा (कातडी भाजणाऱ्या अल्ट्राव्हायोलेट किरणांचा) असतो, यूव्हीएसाठी (त्यांचाच दुसरा, जास्त खोल जाणारा प्रकार) ब्रॉड स्पेक्ट्रम, म्हणजे दोन्ही अडवणारं, असं लिहिलंय का ते बघून घ्या, यावर लिहिलंय. गाडीच्या बाजूच्या साध्या काचेतून यूव्हीए बऱ्यापैकी आत येतो, त्यामुळे खूप ड्रायव्हिंग असेल तर हातांनाही लावा.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळांना हे नको, त्यांना सावलीत ठेवा आणि अंगभर कपडे घाला.

ट्यूबचं तोंड बारीक आहे, शेवटचं जेल काही केल्या बाहेर येत नाही, कात्रीने कापून काढावं लागतं. मोठा पॅक काढला तर हेच परत घेईन.