मनास्लूवरील मार्गदर्शित मोहीम : एका ग्राहकाचे परीक्षण

मनास्लू हे 8,163 मीटर उंचीचे, जगात आठव्या क्रमांकाचे शिखर. आठ हजार मीटरवर पहिल्यांदाच जाऊ इच्छिणाऱ्याला मोहिमा चालवणाऱ्या कंपन्या बहुधा हेच शिखर सुचवतात. मीही अशाच एका कंपनीची सेवा घेऊन शरद ऋतूतील हंगामात तेथे गेलो आणि शिखर गाठून सुखरूप परतलो. त्याआधीची अनेक वर्षे लांब पल्ल्याच्या शर्यती धावण्यात गेली असल्यामुळे पैसे भरतानाच मनात एक प्रश्न होता: दुसऱ्यांनी आखलेल्या, दुसऱ्यांनी दोर बांधून दिलेल्या वाटेने वर जाणे ही खेळाडूची कामगिरी म्हणता येईल का? तंबू, जेवण आणि हवामानाचे अंदाज यांविषयी मत देणे सोपे आहे. परंतु या सेवेत विकली जाणारी मुख्य वस्तू शिखर हीच असल्यामुळे तिच्यावर गिऱ्हाइकाला आपले नाव कितपत घालता येते, हे तपासल्याशिवाय परीक्षण अपुरेच राहील.

व्यवस्थेबद्दल तक्रारीला फारशी जागा नाही. सुमारे 4,800 मीटरवरील बेस कॅम्पवर प्रत्येकाला स्वतंत्र तंबू होता, जेवणाचा तंबू उबदार होता, रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण दिवसातून दोनदा मोजले जात होते आणि कोणाला खोकला लागला तरी त्याची नोंद होत होती. तक्रार एकच, पण ती गंभीर आहे. अर्जाच्या वेळी आमच्या तंदुरुस्तीबद्दल पुष्कळ विचारण्यात आले, तांत्रिक कौशल्याबद्दल मात्र जवळजवळ काहीच नाही. आमच्यातील एका सदस्याने बुटांना क्रॅम्पॉन, म्हणजे बर्फात रुतणारे टोकदार धातूचे खिळे, कसे बांधायचे हे बेस कॅम्पवर आल्यानंतर शिकून घेतले. कंपनीने त्याला शिकवले, आणि चांगले शिकवले, हे मान्य करूनही मला असे वाटते की त्या धड्याची जागा ती नव्हती.

आता मूळ मुद्दा. मार्गदर्शित मोहिमेत गिऱ्हाइकाने नेमके काय करायचे असते, हे बाहेरून पाहणाऱ्याला सहसा नीट ठाऊक नसते. आमच्या आधी शेर्पांच्या एका पथकाने हिमभेगा टाळत किंवा त्यांवर शिड्या टाकत वाट काढली होती आणि तीव्र उतारांवर बर्फात खुंट ठोकून दोर लावला होता. माझे काम म्हणजे त्या दोरावर जुमार, म्हणजे वर सरकणारी पण खाली न घसरणारी हाताची पकड, अडकवायचा, तो वर सरकवायचा, त्याच्या आधाराने एक पाऊल चढायचे आणि पुन्हा तेच करायचे. जिथे दोर संपून दुसरा सुरू होतो, तिथे आधी सुरक्षेचा कॅराबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, पुढच्या दोरात अडकवायचा आणि मगच जुमार काढायचा. माझ्या सॅकमध्ये साधारण आठ किलो वजन होते. माझ्यासोबतच्या शेर्पांना मी इतरांप्रमाणेच दाई, म्हणजे थोरला भाऊ, म्हणत असे. त्यांच्या पाठीवर माझे जादा ऑक्सिजनचे सिलिंडर, तंबू, गॅस आणि स्वतःचे सामान असे माझ्या दुपटीहून अधिक ओझे होते, आणि तरीही प्रत्येक टप्प्यावर थांबून माझी वाट पाहण्याची वेळ त्यांच्यावर येत होती. एव्हरेस्टवरही हीच पद्धत आहे. तेथील खुंबू हिमप्रपातातून दर वसंतात वाट काढून देणाऱ्या शेर्पांना तर ‘आइसफॉल डॉक्टर’ असे नावच पडले आहे. त्याच हिमप्रपातात 18 एप्रिल 2014 रोजी कोसळलेल्या बर्फाखाली सोळा नेपाळी कामगार मरण पावले. त्यांच्यातील बहुतेक जण त्या वेळी इतरांच्या मोहिमांचे सामान वर वाहून नेत होते.

एवढे वाचून कोणी म्हणेल की मग गिऱ्हाइकाने केले तरी काय. हा निष्कर्ष घाईचा आहे, आणि तो काढणारे लोक सहसा सात हजार मीटरवर एक रात्रही झोपलेले नसतात. मनास्लूच्या माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांशाहून थोडाच अधिक असतो. त्या हवेशी जुळवून घेण्याचे काम शरीर आठवड्यांच्या हिशेबाने करते: श्वासाची गती वाढते, तांबड्या रक्तपेशी वाढतात, आणि त्यासाठी वरच्या कॅम्पवर जाऊन पुन्हा खाली येण्याच्या फेऱ्या कराव्या लागतात. हे काम कोणत्याही रकमेला दुसऱ्याकडून करवून घेता येत नाही. दुसऱ्या फेरीत तिसऱ्या कॅम्पवर मला रात्रभर झोप लागली नाही, अन्नाचा वास नकोसा झाला आणि बुटांचे बंद बांधायला पंधरा मिनिटे लागली. मॅरेथॉनच्या पस्तिसाव्या किलोमीटरला जी गळून गेल्याची अवस्था येते ती मला परिचयाची आहे, पण ती तासाभरात संपते, याची किंमत मला तिथे कळली.

याच ठिकाणी ऑक्सिजनचा हिशेबही मांडला पाहिजे. चार लिटरच्या सिलिंडरमध्ये 300 बार दाबाने भरलेला वायू बाहेर सुमारे 1,200 लिटर होतो. मिनिटाला दोन लिटर या प्रवाहाने तो दहा तास पुरतो, चार लिटरने पाचच तास. मी सात हजार मीटरच्या आसपास मुखवटा चढवला आणि पहिल्या काही मिनिटांतच बोटांत ऊब परत आली. शिखर जागचे हलले नव्हते, परंतु माझ्या शरीरापुरते ते बरेच खाली उतरले होते. राइनहोल्ड मेस्नर आणि पेटर हाबेलर यांनी 8 मे 1978 रोजी कृत्रिम ऑक्सिजनविना एव्हरेस्ट गाठले, तेव्हापासून हे शक्य आहे की नाही हा वाद उरलेला नाही. तरीही एव्हरेस्टवर पोहोचणाऱ्यांत असे करणाऱ्यांचे प्रमाण आजही अत्यल्प आहे. मी त्यांच्यापैकी नाही, आणि एकाच शब्दाने दोघांचेही वर्णन व्हावे असे मला वाटत नाही.

इतर खेळांनी मदतीचा प्रश्न पुष्कळ आधी आणि पुष्कळ स्वच्छपणे सोडवला आहे. इंग्लिश खाडी पोहणाऱ्याच्या सोबत होडी असते, तिच्यातून दोरीने किंवा काठीने खाणे दिलेले चालते, पण पोहणाऱ्याचा हात होडीला लागला की पोहणे बाद. एल्यूड किपचोगे यांनी 12 ऑक्टोबर 2019 रोजी व्हिएन्नामध्ये मॅरेथॉनचे अंतर 1 तास 59 मिनिटे 40 सेकंदांत पार केले. वेग राखून देणारे धावपटू आळीपाळीने बदलत राहिल्यामुळे आणि ती खुली स्पर्धा नसल्यामुळे त्या वेळेची विश्वविक्रम म्हणून नोंद झाली नाही, पण म्हणून ते धावलेच नाहीत असे कोणी म्हटले नाही. मला सर्वांत नेमका वाटतो तो शंभर मीटर धावण्याचा नियम: पाठीमागून येणारा वारा सेकंदाला दोन मीटरहून अधिक वेगाचा असेल, तर वेळ नोंदवली जाते, शर्यतीचा निकालही तोच राहतो, फक्त त्या वेळेला विक्रम मानत नाहीत आणि तिच्यापुढे वाऱ्याची खूण केली जाते. मार्गदर्शित चढाई ही माझ्या मते अशी वाऱ्याच्या मदतीची वेळ आहे. गिर्यारोहणात ती खूण करण्याची सक्ती नाही, एवढीच अडचण.

गंमत म्हणजे गिर्यारोहणाला ऑलिंपिक पदक देण्याची वेळ प्रथम आली तेव्हाही मदतीचा प्रश्न तिथे होताच. 1924 मध्ये शामोनी येथील हिवाळी स्पर्धांच्या वेळी 1922 च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेला गौरवण्यात आले. ही मोहीम शिखरावर पोहोचली नव्हती. जॉर्ज फिंच आणि जेफ्री ब्रूस कृत्रिम ऑक्सिजनच्या साहाय्याने सुमारे 8,320 मीटरपर्यंत गेले होते, आणि ऑक्सिजन वापरणे खिलाडूपणाचे आहे की नाही यावरून मोहिमेतच मतभेद होते. शेवटच्या प्रयत्नात हिमस्खलनाखाली सात हमाल ठार झाले. पदकांच्या मानकऱ्यांत त्या सात जणांचाही समावेश होता. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या समितीला जे सुचले, ते आजच्या सत्कार समारंभांच्या आयोजकांना क्वचितच सुचते.

शिखराच्या प्रयत्नापूर्वी घडलेला एक प्रसंग मला या साऱ्या चर्चेपेक्षा अधिक बोलका वाटतो. आम्ही बेस कॅम्पवर तयार होतो, आकाश निरभ्र होते आणि इतर दोन पथके निघाली होती. आमच्या प्रमुखांनी माथ्यावरील वाऱ्याचा अंदाज पाहून आम्हाला दोन दिवस थांबवले. मी नाराज झालो, वादही घातला. ती पथके चौथ्या कॅम्पवरून परत आली. निर्णय माझ्या हाती असता तर मीही त्यांच्यासोबत परतलो असतो, किंवा परतलो नसतो. पुढे चौथ्या कॅम्पखालच्या तीव्र उतारावर माझी पावले अडखळू लागली, तेव्हा दाईंनी न विचारता माझ्या ऑक्सिजनचा प्रवाह दोनवरून चारवर नेला आणि “सर, बिस्तारै” एवढेच म्हणाले. सावकाश जाणेसुद्धा मला दुसऱ्याने सांगावे लागले. धावपटू म्हणून माझ्या अंगी जे काही आहे ते त्या उतारावर कामी आले; गिर्यारोहक म्हणून जे लागते, म्हणजे वाट ओळखणे, बर्फ पारखणे, थांबायचे किंवा फिरायचे ठरवणे, ते मी पैसे देऊन घेतले होते.

शिखर या वस्तूबाबतही मनास्लूचा इतिहास ग्राहकाने जाणून घ्यावा असा आहे. या पर्वताच्या माथ्यावर बर्फाची अरुंद धार असून तिच्यावर एकामागे एक उंचवटे आहेत. वर्षानुवर्षे असंख्य पथके अलीकडच्या उंचवट्यावर थांबून शिखर गाठल्याचे मानत आली. सप्टेंबर 2021 मध्ये एका पथकाने खऱ्या माथ्यापर्यंत दोर नेला, आणि त्या वेळी ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रात नेहमीची थांबण्याची जागा खालीच राहिल्याचे स्पष्ट दिसले. त्यानंतर हिमालयातील चढायांच्या नोंदी ठेवणाऱ्या ‘हिमालयन डेटाबेस’ने 2022 पासून केवळ खरा माथा गाठणाऱ्यांनाच शिखराचे श्रेय देण्याचे ठरवले. आमचा दोर खऱ्या माथ्यापर्यंत होता. शेवटच्या काही मीटरांवर मी फार घाबरलो होतो, हेही येथे लिहून ठेवतो.

तेव्हा सेवा म्हणून या मोहिमेला मी पाचपैकी चार गुण देईन. कापलेला एक गुण सदस्यांची कौशल्ये न तपासल्याबद्दलचा आहे. ज्याला स्वतःच्या शरीराची कठोर परीक्षा पाहायची आहे आणि पर्वतावरचे निर्णय जाणकारांवर सोपवण्यात कमीपणा वाटत नाही, त्याने ही सेवा अवश्य घ्यावी. ज्याला गिर्यारोहक व्हायचे आहे, त्याने आधी कमी उंचीच्या पर्वतांवर स्वतः दोर लावायला आणि रिकाम्या हाताने परतायला शिकावे. दोघांनीही पैसे भरण्यापूर्वी कंपनीला तीन गोष्टी विचाराव्यात: दोर कोणत्या बिंदूपर्यंत लावला जाईल, सोबतच्या शेर्पासाठी स्वतंत्र ऑक्सिजन आहे का, आणि त्याचा विमा किती रकमेचा आहे. मी तिसरा प्रश्न परतल्यावर विचारला, त्याची खंत आहे.

माझ्या सरावाच्या वहीत प्रत्येक शर्यतीची वेळ आणि त्या दिवशीचा वारा लिहिलेला असतो. मनास्लूच्या दिवसापुढे मी लिहिले आहे: खरा माथा, ऑक्सिजन सात हजारांपासून, दोर आधीच लावलेला, पाठीवर आठ किलो, निर्णय दुसऱ्यांचे, पाय माझे.