वॉटरप्रूफ कॅमेरा, दोन मे महिने आणि एक दिवाळी: वापरानंतरचा अनुभव

घेतला २०२४ च्या एप्रिलमध्ये, सेकंड हँड, १७ हजारांना. छोटासा, मुठीत मावणारा, पाण्यात चालणारा कॅमेरा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण पुढे थोडं रडगाणं आहे आणि त्यातला निम्मा दोष माझाच आहे. १२ मेगापिक्सेल, १५ मीटर खोल पाण्यापर्यंत चालतो असं त्याच्यावर लिहिलंय. मी गुडघाभर पाण्याच्या पुढे कधी नेला नाही, त्यामुळे उरलेल्या साडेचौदा मीटरबद्दल मला विचारू नका.

आधी नवऱ्याचा प्रश्न, कारण तो सगळ्यांचाच असतो. एवढा भारी फोन आहे की हातात, मग हे खेळणं कशाला? तर फोनचा फोटो बऱ्याच वेळा याच्यापेक्षा चांगला येतो, हे आधीच कबूल करते. अंधार पडायला लागला की हा कॅमेरा पार मान टाकतो, सेन्सर छोटा आहे, सगळं दाणेदार येतं. पण फोनवर आयपी ६८, म्हणजे धूळ-पाणी आत जात नाही असा शिक्का, लिहिलेला असला तरी ती टेस्ट गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या नाही, आणि पाणी गेलं तर वॉरंटी बहुतेक वेळा हात वर करते. प्लॅस्टिकचं पाऊच गळ्यात अडकवून बघितलंय मी, आतून धुकं धरतं, ओल्या बोटांनी स्क्रीन ऐकत नाही, फोटो निघायच्या आधी व्हॉट्सॅप उघडतं. याला बटणं आहेत. वाळूने भरलेल्या, खोबरेल तेल लावलेल्या हातानेसुद्धा दाबली जातात.

पण खरं कारण वेगळं आहे आणि ते मला कॅमेरा घेतल्यावर कळलं.

आपल्या कोकणात सूर्य मावळतो समुद्रात. आणि आपण सगळे उभे असतो वाळूत, कॅमेरा समुद्राकडे करून, माणसं मध्ये. म्हणजे संध्याकाळचा सगळा उजेड माणसांच्या पाठीवर. आमच्या घरातले गेल्या पंधरा वर्षांतले बीचचे फोटो काढून बघा, पाठी केशरी आकाश आणि पुढे चार काळ्या बाहुल्या. यातला कोण दीर आणि कोण नवरा ते पोटावरून ओळखायचं. आंजर्ल्याला पहिल्याच दिवशी मी पोरीचे फोटो काढायला म्हणून पाण्यात गेले, गुडघ्यापर्यंत, आणि सहज मागे वळून किनाऱ्याकडे कॅमेरा केला, आणि स्क्रीनवर जे दिसलं ना! सगळ्यांच्या तोंडावर तो मऊ पिवळा उजेड, मागे सुरूचं बन, त्याच्या मागे नारळ. साडेसहा वाजले असतील. तेव्हापासून माझा एकच नियम आहे, संध्याकाळी आपण पाण्यात आणि माणसं वाळूत. सकाळी उलटं, ऊन डोंगराकडून येतं तेव्हा वाळूत उभं राहून समुद्राकडे फोटो काढा, हर्णैचा सुवर्णदुर्ग सकाळी जसा उजळलेला दिसतो तसा संध्याकाळी नाही दिसत, संध्याकाळी नुसता काळा ठोकळा.

आणि दुपारी काढूच नका. मेच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्याकडे सूर्य बरोबर डोक्यावर येतो, ते शून्य सावली म्हणतात ते, मालवणला चार-पाच तारखेला आणि मग रोज थोडं थोडं वर सरकत मुंबईला साधारण पंधराला. त्या दिवसांत बारा ते तीन काढलेल्या प्रत्येक फोटोत माणसाच्या डोळ्यांच्या जागी दोन खड्डे येतात आणि नाकाखाली मिशी. दुपारी जेवून झोपायचं. सुट्टीच आहे ना.

दुसरी गोष्ट जी पाण्यातून दिसली ती म्हणजे आमच्या सासूबाई. त्या कधी पाण्यात येत नाहीत. "तुम्ही जा, मी सामान बघते" असं म्हणून चटई टाकून बसतात. त्यामुळे जुन्या फोटोंत त्या नाहीतच, कारण त्या कायम फोटो काढणाऱ्याच्या पाठीमागे. पाण्यातून किनाऱ्याकडे कॅमेरा फिरवला तर बरोबर मध्यभागी आई. पाच जोड चपला ओळीने लावून ठेवलेल्या, मांडीवर माझी पर्स, एका हाताने पदर डोक्यावर धरलेला, आणि तोंड आंबट कारण नातीला ओरडतायत की पुढे जाऊ नको म्हणून. प्रिंट काढल्यावर त्यांनी तो फोटो बघून पहिलं वाक्य काय म्हटलं, "या चपलांत माझी कुठंय?" त्यांचीच चप्पल त्या दिवशी भरतीत गेली होती आणि एवढा वेळ त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं!

आता एक सावधगिरीचं, आणि हे मस्करीत घेऊ नका. किनाऱ्याकडे तोंड म्हणजे समुद्राकडे पाठ. लाट दिसत नाही. मी एकदा आपटले आहे, आंजर्ल्यालाच, तिसऱ्या दिवशी. गुडघ्यापर्यंतच पाणी होतं पण ओहोटीची ओढ पायाखालची वाळू काढून घेते आणि वरून लाट, झालं. कॅमेरा मनगटाला पट्ट्याने बांधलेला होता म्हणून वाचला, हा तरंगत नाही, दगडासारखा बुडतो. त्या गडबडीत व्हिडिओचं बटण दाबलं गेलं. अकरा सेकंद, पूर्ण चहाच्या रंगाचा व्हिडिओ, त्यात खर्रर्र आवाज आणि शेवटी नवऱ्याचं हसणं. (काळजी नाही, हसणं. नोंद घेतलेली आहे.) घरी सगळ्यात जास्त वेळा हाच बघितला जातो. तेव्हापासून मी पाण्यात असले की एक जण बाजूला उभा राहून फक्त लाटांकडे बघणार आणि "लाऽऽट" म्हणून ओरडणार. आणि केशरी रंगाचा तरंगणारा पट्टा ४०० रुपयांना घेतला, तो कॅमेऱ्यासोबतच घ्यायला हवा होता.

चहाच्या रंगावरून, पाण्याखालचे रंगीबेरंगी मासे वगैरे डोक्यातून काढून टाका. लाटा फुटतात तिथे वाळू घुसळलेली असते, हाताची बोटं दिसत नाहीत. मे महिन्यात तर नाहीच. मालवणकडे थंडीत पाणी नितळ असतं म्हणतात, ते जे करून आलेत त्यांना विचारा.

सेटिंगमधलं एकच सांगते कारण मला तेवढंच कळलंय. वर फोटो उजळ-गडद करायचं प्लस-मायनसचं बटण आहे. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला जगातली प्रत्येक गोष्ट राखाडी वाटते, त्यामुळे पांढरा फेस आणि चकाकणारी वाळू असली की तो फोटो मळकट करून ठेवतो. तिथे प्लस करायचं, थोडंसंच. सूर्यास्ताला मायनस, नाहीतर ते केशरी पार फिकट होऊन जातं. बाकी मेनूत मी गेले नाही, आणि हेच पुढे नडलं.

रडगाणं नंबर एक. दिवाळीत वेळागरला गेलो, शिरोड्याच्या बाजूला. बॅटरी संपली म्हणून मी अंगणातच, वारा सुटलेला असताना, झाकण उघडून बॅटरी बदलली. या झाकणाला आतून रबराची बारीक कड असते, सगळा वॉटरप्रूफपणा म्हणजे ती कड. तिच्यावर वाळूचा एक कण किंवा एक केस जरी अडकला तरी पाण्याला वाट मिळते. मला दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी लेन्सच्या आतून धुकं, संध्याकाळी स्क्रीनवर उभ्या रेघा, रात्री बंद. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला होता, आमच्या कॅमेऱ्याने तिथेच मिठापुढे शरणागती पत्करली. कार्ड लगेच काढून पुसून ठेवलं म्हणून फोटो वाचले. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी दहा दिवस सांगून पाच आठवडे लावले, ४,२०० रुपये घेतले आणि रबर बदललं, त्यात फोन केला की दर वेळी "मॅडम पार्ट येतोय". कुठून येतोय, चालत येतोय का, कळायला मार्ग नाही.

तेव्हापासून झाकण फक्त खोलीत, पंखा बंद करून, कोरड्या हाताने उघडते. कड मोबाईलच्या टॉर्चखाली धरून बघायची, मऊ कोरड्या कपड्याने पुसायची. रात्री समुद्रावरून आलं की बादलीभर गोड्या पाण्यात दहा मिनिटं बुडवून ठेवायचा, झाकण बंद असताना अर्थातच, मग पंख्याखाली. नळाखाली नुसता धरून भागत नाही, बटणांच्या खाचांत मीठ धरतं आणि बटण कुरकुरायला लागतं. आणि एसी गाडीतून उतरल्या उतरल्या बाहेरून जे धुकं येतं त्याला घाबरू नका, दहा मिनिटांत जातं. ओढणीने पुसू नका मात्र, मी पुसलं, मीठ फिरून फिरून चांगलं लेपलं गेलं.

रडगाणं नंबर दोन, आणि हे मला जास्त लागलं. दुरुस्त होऊन आला तेव्हा तारीख गेलेली. बॅटरी बराच वेळ बाहेर राहिली की घड्याळ रिसेट होतं, आणि मी ते बघितलंच नाही. या मे महिन्यात गुहागरला चार दिवस होतो, साडेतीनशे फोटो काढले आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर टाकले तर सगळे १ जानेवारी २०१८ पासून पुढे. त्यात पोरीने मध्ये कधीतरी बॅटरी काढून बराच वेळ बाहेर ठेवलेली, त्यामुळे अर्धे फोटो परत १ जानेवारी. चार संध्याकाळींची नुसती खिचडी. व्हॉट्सॅपवर पाठवलेल्यांवरून लावावं म्हटलं तर तिकडे फोटो आकसून जातो आणि आतली माहितीही जाते.

तुम्ही म्हणाल काय फरक पडतो. मलाही वाटलं होतं. पण साठ फोटो निवडून चार बाय सहाचे मॅट प्रिंट काढले (या साइजला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात, १२ चं काय कौतुक) आणि अल्बममध्ये लावायला बसलो तर भांडण सुरू. सुरणाची भाजी पहिल्या दिवशी होती की तिसऱ्या? व्याडेश्वराला गेलो ते बीचच्या आधी की नंतर? पोरगी रडतेय ती शंख हरवला म्हणून की घरी जायचंय म्हणून? चार दिवस एकत्र राहिलेली पाच माणसं आणि पाच वेगळ्या सहली.

सोडवलं ते सासऱ्यांनी. आंजर्ल्याला होमस्टेवाल्या काकांनी त्यांना एक हिशोब शिकवला होता, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे चार, चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीनच्या सुमारास पूर्ण भरती. "वहिनी, उद्या चतुर्थी, पोरांना घेऊन चारनंतरच या" असं ते मला सांगायचे आणि मी नुसती मान डोलवायचे. बाबांनी मात्र ते डोक्यात ठेवलेलं. त्यांनी कालनिर्णय काढलं, गुहागरचे आमचे चार दिवस शुद्ध षष्ठी ते नवमी. षष्ठीला भरती साडेचारला, म्हणजे सूर्य मावळेपर्यंत पाणी बरंच उतरलेलं. नवमीला पावणेसातला, म्हणजे सूर्य बुडताना पाणी भरलेलं. मग त्यांनी चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक संध्याकाळच्या फोटोत आईंच्या चटईपासून पाण्यापर्यंत किती वाळू आहे ते बघत बघत गठ्ठे लावले. जास्त वाळू पहिला दिवस, कमी वाळू शेवटचा. एका फोटोत पोरगी उताणी पडलीये, तिच्या वर आकाशात बरोबर अर्धा चंद्र, तो अष्टमीचा म्हणून बाजूला काढला. आई म्हणाल्या चटई मी रोज एकाच जागी टाकत नव्हते, त्यावर बाबा म्हणाले टाकत होतीस, तो वाकडा सुरू बघ मागे. खरंच प्रत्येक फोटोत तोच वाकडा सुरू!

तर घ्यावा का? समुद्रावर वर्षातून एकदा दोन दिवस जाणार असाल तर नका घेऊ, फोन बास आहे, पाण्यापासून लांब उभं राहा. आमच्यासारखे दोन-तीनदा जात असाल आणि पाण्यात उतरल्याशिवाय राहवत नसेल तर घ्या, पण नवीन रबर घालून घ्या. जुना घेत असाल तर आधी झाकणाची कड बघा, मग लेन्स. रबर दर वर्षी बदलायला सांगतात ते उगाच नाही. बॅटरी दोन ठेवा. कमी उजेडात याच्याकडून काही अपेक्षा नको. मी पाचात साडेतीन देईन, सर्व्हिसचा अर्धा कापलाय.

अल्बम लावताना मागे लिहायला साधं बॉलपेन घेतलं तर शाई धरेना, बोटाला लागून पसरली, म्हणून सीडीवर लिहायचा काळा मार्कर आणला. चपलांच्या फोटोमागे बाबांनी स्वतःच्या अक्षरात काहीतरी लिहिलंय. मला वाटलं तारीख असेल. लिहिलंय, "आंजर्ले. चतुर्थी, भरती ३ वा. चप्पल १ (उजवी) बेपत्ता."