उलटलेला लिम्फोमा: मान्यताप्राप्त एडीसी घ्यायचं की सुरुवातीच्या चाचणीत नाव द्यायचं?

लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कर्करोग, झाला, आर-चॉप या पहिल्या केमोच्या सहा सायकल झाल्या, मग दुसरी केमो झाली, आणि तरीही पेट-स्कॅनमध्ये गाठी पुन्हा दिसल्या, की घरच्यांसमोर दोन वाटा येतात. मान्यता मिळालेलं अँटिबॉडी-ड्रग कॉन्जुगेट, म्हणजे एडीसी, विकत घ्यायचं. किंवा अजून मान्यता नसलेल्या एडीसीच्या पहिल्या टप्प्याच्या चाचणीत नाव द्यायचं. यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीच्या कुटुंबासाठी हा निर्णय तीन गोष्टींवर ठरतो: मान्यताप्राप्त पर्याय वापरून झालाय का, गाठीच्या पेशींवर कोणतं प्रथिन आहे, आणि ताप आल्यावर किती वेळात मोठ्या दवाखान्यात पोचता येतं. तिसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. आमच्या मते तोच सगळ्यात जड आहे.

औषधाची बनावट

एडीसीतली अँटिबॉडी लिम्फोमाच्या पेशीवरचं ठरावीक प्रथिन पकडते, पेशी तिला आत ओढून घेते, आत गेल्यावर जोडणारा दुवा तुटतो आणि विष मोकळं होतं. ब्रेंटक्सिमॅब व्हेडोटिन सीडी30 पकडतं, म्हणून हॉजकिन आणि काही टी-सेल लिम्फोमात चालतं. पोलाटुझुमॅब व्हेडोटिन सीडी79बी पकडतं आणि डीएलबीसीएल या झपाट्यानं वाढणाऱ्या बी-सेल लिम्फोमात वापरतात. दोघांतलं विष एकच, एमएमएई. ते पेशीतल्या सूक्ष्मनलिका मोडतं. मज्जातंतूही त्याच नलिकांवर चालतात, म्हणून हातापायांना मुंग्या येतात आणि बधिरपणा येतो. लोंकास्टक्सिमॅब टेसिरिनला अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळाली. ते सीडी19 पकडतं, पण त्याचं विष डीएनएवर घाव घालतं. त्यामुळे त्रासही वेगळा: अंगावर सूज, छातीत पाणी, यकृताच्या जीजीटी या रक्ततपासणीच्या आकड्यात वाढ, आणि उन्हात गेलं की कातडीवर चट्टे. एप्रिल-मेमध्ये वावरात राबणाऱ्या माणसाला हे आधीच सांगायला हवं. पूर्ण बाह्या, दुपट्टा आणि दुपारचं काम बंद, इतकं तरी पाळावंच लागतं.

मान्यताप्राप्त औषध: आकडे माहीत असतात

ब्रेंटक्सिमॅबच्या निर्णायक अभ्यासात हॉजकिनचे 102 रुग्ण होते. 75 टक्क्यांना प्रतिसाद मिळाला, 34 टक्क्यांचा आजार तपासणीत पूर्ण गेला. पोलाटुझुमॅब, बेंडामस्टिन आणि रिटक्सिमॅब हे तिन्ही मिळून 40 जणांना दिले, दुसऱ्या 40 जणांना पोलाटुझुमॅबशिवाय दिले. पूर्ण प्रतिसाद 40 टक्के विरुद्ध 17.5 टक्के. मध्यक आयुष्य 12.4 महिने विरुद्ध 4.7 महिने. हा फरक खरा आणि मोठा आहे, तरी 12.4 महिन्यांचा अर्थ घरच्यांना नीट समजावून सांगावा: निम्मे रुग्ण त्याआधीच जातात.

दोन्हींचा डोस किलोमागे 1.8 मिलिग्रॅम, दर 21 दिवसांनी. म्हणजे 50 किलोच्या माणसाला 90 मिलिग्रॅम. ब्रेंटक्सिमॅबची बाटली 50 ची येते, त्यामुळे दोन घ्याव्या लागतात आणि 10 मिलिग्रॅम वाया जातं. पोलाटुझुमॅब 30 आणि 140 च्या बाटल्यांत येतं. इथे 30 च्या तीन पुरतात. 140 ची एकच बाटली लिहून दिली असेल तर 50 मिलिग्रॅमचे पैसे पाण्यात, म्हणून बिल करण्याआधी बाटल्यांचं गणित डॉक्टरांकडून मांडून घ्या. बाटली 2 ते 8 अंशांत ठेवायची, पण गोठू द्यायची नाही. नागपूरहून औषध घेऊन एसटीनं यायचं असेल तर बर्फाला थेट चिकटवून ठेवू नका. शक्यतो औषध दवाखान्याच्याच फार्मसीतून घ्या, म्हणजे ही जोखीमच उरत नाही.

खर्च लाखांत जातो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण योजना ठरलेल्या पॅकेजवर चालते. तुम्हाला लिहून दिलेलं औषध पॅकेजमध्ये बसतं का, हे आरोग्यमित्राकडून पहिल्याच दिवशी विचारून घ्या. वावर गहाण टाकण्याच्या आधी विचारा, नंतर नाही.

पहिल्या टप्प्याची चाचणी: औषध फुकट, डोस अनिश्चित

पहिल्या टप्प्याचा मुख्य प्रश्न असतो किती डोस झेपतो. आजार किती बरा होतो हा नंतरचा. नेहमीची पद्धत अशी: तीन रुग्णांना एक डोस देतात आणि बहुधा पहिली सायकल, म्हणजे 21 दिवस, गंभीर त्रासावर नजर ठेवतात. कुणालाच झाला नाही तर पुढच्या तिघांना जास्त डोस. एकाला झाला तर त्याच डोसवर आणखी तिघे. दोघांना झाला तर चढण थांबते. म्हणून चाचणीत कितव्या डोसच्या गटात जागा मिळते, यावर बरंच काही ठरतं. ब्रेंटक्सिमॅबच्या पहिल्या चाचणीत 45 जणांना किलोमागे 0.1 पासून 3.6 मिलिग्रॅमपर्यंत डोस दिला गेला. एकूण 17 जणांना प्रतिसाद मिळाला, पण शेवटी जो डोस ठरला त्या 1.8 वर 12 पैकी 6 जणांना. उलटंही होतं. पोलाटुझुमॅब आधी 2.4 पर्यंत नेलं होतं, मग मज्जातंतूंचा त्रास पाहून ते 1.8 वर आणलं. कामिडानलुमॅब टेसिरिन या आणखी एका एडीसीच्या चाचण्यांत काही रुग्णांना गुइलान-बारे सिंड्रोम झाला, ज्यात पायांपासून वर लुळेपणा चढत जातो. प्राण्यांवरच्या चाचण्या झाल्या म्हणून असं काही होणारच नाही, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

त्यामुळे डॉक्टरांना पहिला प्रश्न हा विचारा: डोस अजून चढवतायत, की ठरलेल्या डोसवर जास्त रुग्ण घेतायत? दुसऱ्या प्रकारच्या गटात जागा असेल तर आम्ही ती नक्कीच जास्त गंभीरपणे घेऊ.

चाचणीचं औषध आणि चाचणीसाठीच्या तपासण्या मोफत असतात. प्रवास, राहणं आणि बुडालेल्या मजुरीचं काय, हे मात्र संमतीपत्रात लिहिलेलं पाहिजे. पहिल्या सायकलीत औषधाचं प्रमाण मोजायला रक्त वारंवार देतात, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही, म्हणून गावी परतता येत नाही. मुंबईत जाण्यासाठी कॅन्सर रुग्णाला रेल्वेच्या स्लीपर आणि थ्री-एसीत पूर्ण सवलत आहे, सोबत्याला 75 टक्के. औषध-चाचण्यांच्या 2019 च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाली तर उपचार आणि भरपाई ही प्रायोजकाची जबाबदारी. संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवं, त्याची प्रत तुमच्याकडे राहते, आणि मधूनच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. चाचणीची नोंद सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, आहे का, ते नोंदणी क्रमांक टाकून कुणालाही पाहता येतं.

ताप, क्षयरोग, सिकलसेल

दोन्ही वाटांवर पांढऱ्या पेशी घटतात. ताप 100.4 फॅरेनहाइटच्या वर गेला की दवाखान्यात पोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. गावात डायक्लोफेनॅक किंवा डेक्सामेथासोनची सुई घेतली की ताप दबतो, जंतुसंसर्ग वाढत राहतो, आणि रात्री रक्तदाब पडतो. पावसाळ्यात डेंग्यू आणि स्क्रब टायफसचा तापही तसाच दिसतो, तेव्हा घरी अंदाज बांधत बसू नका. धारणीच्या पुढच्या पाड्यावर राहत असाल तर पहिल्या दोन सायकली तरी नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगीजवळ खोली घेऊन काढा. हे जमणार नसेल तर आम्ही चाचणीचा सल्ला देणार नाही.

क्षयरोगाची औषधं चालू असतील तर ती सांगायलाच हवीत. रिफाम्पिसिनमुळे शरीरातलं एमएमएई जवळपास निम्म्यानं घटतं, आणि चाचणीत अशा रुग्णाला बहुधा घेतच नाहीत. रिटक्सिमॅबआधी हिपॅटायटिस बीच्या दोन्ही तपासण्या, एचबीएसएजी आणि अँटी-एचबीसी, करून घ्या.

आपल्या भागात सिकलसेल बराच आहे. पांढऱ्या पेशी वाढवायला देतात त्या जी-सीएसएफच्या सुईनं सिकलसेलच्या रुग्णाला जीवघेणी क्रायसिस येऊ शकते. लाल किंवा पिवळं कार्ड घरात असेल तर ते फाइलच्या पहिल्या पानावर लावा.

कार-टीचा विचार असेल तर क्रम बदलतो

कार-टीत रुग्णाच्याच टी-पेशी काढून, बदलून परत देतात. नेक्सकार19 या भारतीय कार-टी उपचाराला ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळाली. खर्च खूप मोठा, पण कुणाला मदतनिधी मिळण्याची शक्यता असेल तर एक चूक टाळा: टी-पेशी काढून घेण्याआधी बेंडामस्टिन नको. ते टी-पेशी कमजोर करतं आणि त्याचा परिणाम महिनोन्‌महिने टिकतो. डॉक्टरांना पोलाटुझुमॅब फक्त रिटक्सिमॅबसोबत देता येईल का, हे विचारा. सीडी19 वरचं एडीसी आधी झालं असेल तर कार-टीपूर्वी पुन्हा बायोप्सी करून सीडी19 शिल्लक आहे का ते पाहतात.

शरीर फारच थकलं असेल, दिवसाचा बराच वेळ खाटेवर जात असेल, तर चाचणीत घेत नाहीत आणि महागड्या औषधाचाही फायदा कमी होतो. तेव्हा गोळ्यांची सौम्य केमो, स्टेरॉइड आणि वेदनेसाठी मॉर्फिन हा मानाचा उपचार आहे, हार नाही.

ब्लॉक सांभाळा

कोणतीही वाट धरा, गाठीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा, लागतोच. नुसता रिपोर्ट चालत नाही, सुईनं काढलेली एफएनएसी तर नाहीच. नवी बायोप्सी होत असेल तर तुकडा 10 टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये टाकला का, ते तिथल्या तिथे विचारा. सलाईनमध्ये राहिलेला तुकडा खराब होतो आणि सीडी30 किंवा सीडी19 ची तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. लॅबमधून ब्लॉक मागून घ्या, पावती ठेवा, आणि उन्हाळ्यात तो बंद गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. पॅराफिन 56 ते 60 अंशांना वितळतं.