पसरणारा पिटुनिया: टांगत्या कुंडीत आणि वाफ्यात सात महिने

बियाण्याच्या पाकिटावर कुंडीतून ओसंडणारी फुलं दाखवलेली असतात. रोप लावल्यापासून आठ-नऊ आठवड्यांनी पसरणारा पिटुनिया तसा दिसतोही. पण तेराव्या-चौदाव्या आठवड्यात त्याच कुंडीच्या मधोमध टक्कल पडतं, फांद्या दोऱ्यासारख्या लोंबतात आणि फुलं फक्त टोकाला उरतात. सात महिन्यांच्या वापरानंतर ठाम मत असं, की हे टाळता येतं. मात्र त्यासाठी झाड ऐन बहरात असताना कात्री चालवावी लागते.

पसरणाऱ्या पिटुनियाचं नाव झालं ते 'पर्पल वेव्ह'मुळे. या जातीला 1995 साली ऑल-अमेरिका सिलेक्शन्सचा (नव्या वाणांची चाचणी घेणारी अमेरिकी संस्था) पुरस्कार मिळाला. उंची जेमतेम 15 सेंमी, पसारा मात्र 90 ते 120 सेंमी. फांदीच्या पेरापेरावर कळी येते, त्यामुळे वाळकी फुलं एकेक करून खुडत बसावं लागत नाही. बी संकरित असतं; घरी धरलेल्या बियांतून पुढच्या वर्षी तोच रंग, तोच पसारा येईल ही अपेक्षा ठेवू नये.

बी धुळीइतकं बारीक, म्हणून लेप दिलेल्या गोळ्यांच्या रूपात मिळतं. उगवायला उजेड लागतो. ओल्या कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याचा भुसा) गोळी ठेवून हलकी दाबायची, वर माती टाकायची नाही. लेप पूर्ण विरघळेपर्यंत पृष्ठभाग ओला राहिलाच पाहिजे. गोळी अर्धवट भिजून वाळली की कडक होते आणि अंकुर आतच अडकतो. 22 ते 25 अंश तापमानात आठवड्याभरात कोंब दिसतात. पाच-सहा पानं झाली की शेंडा खुडायचा. पेरणीपासून फुलापर्यंत साधारण अडीच ते तीन महिने धरावेत.

12 इंची टांगत्या कुंडीत तीन रोपं पुरे. पाच लावली तर कुंडी लवकर भरते, पण पुढे मुळांची इतकी दाटी होते की दिवसातून दोनदा पाणी घालूनही दुपारी रोपं माना टाकतात. मिश्रण: कोकोपीट 4 भाग, गांडूळखत 2 भाग, परलाईट (हलके, पांढरे खनिज दाणे) 1 भाग. कोकोपीट आधी दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्यावं, त्यातल्या क्षारांनी कोवळ्या पानांच्या कडा करपतात. पाणी द्यायचं का, हे कुंडी खालून उचलून वजनावरून ओळखावं. वरची माती फसवते. एकदा कोकोपीट कडकडीत वाळलं की ते कुंडीच्या कडेपासून सुटतं आणि वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं. अशी कुंडी बादलीत 15-20 मिनिटं बुडवून ठेवणं हाच उपाय. आणि माती ओली असूनही रोप मलूल दिसत असेल तर पाणी अजिबात घालू नका, मूळकूज सुरू झालेली असू शकते.

पिटुनिया खादाड आहे. रोज पाणी निथळतं, त्याबरोबर अन्नही वाहून जातं. 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समान) विद्राव्य खत, लिटरला 1 ते 2 ग्रॅम, दर सात-आठ दिवसांनी. तेही ओल्या मातीतच. यात महिनाभर खंड पडला की आधी खालची पानं पिवळी पडतात, मग कळ्या लहान होतात.

वेगळा पिवळेपणा म्हणजे शेंड्याची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या. ही लोहाची कमतरता, आणि बहुतेक वेळा लोह मातीत असतंच. जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमुळे कुंडीतला सामू (पीएच, मातीच्या आम्लतेचं माप) महिन्यागणिक चढत जातो आणि मुळांना ते घेता येत नाही. पिटुनियाला 5.5 ते 6.2 सामू मानवतो. अशा वेळी जादा खत ओतून काही होत नाही. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (मुळांना घेता येईल अशा रूपात बांधलेलं) मातीत द्यावं, कारण ते चढ्या सामूतही टिकतं. पानांवर उडालं तर लगेच धुवावं, डाग राहतात.

आता कात्री. सगळी कुंडी एकदम छाटली तर तीन आठवडे ती ओकीबोकी दिसते, म्हणून लोक छाटतच नाहीत. सोपा मार्ग असा: लावणीनंतर सहाव्या आठवड्यापासून दर आठवड्याला सगळ्यांत लांब चार-पाच फांद्या निवडायच्या आणि निम्म्यावर, पेराच्या थोडं वर कापायच्या. खालची दोन-चार हिरवी पानं राखायचीच. पानं नसलेल्या लाकडी बुडख्यातून फूट येईलच असं नाही. आठ-दहा दिवसांत पेरातून नवे कोंब दिसतात. छाटलेल्या कुंड्या शेवटपर्यंत मधोमध भरलेल्या राहिल्या. न छाटलेल्या चौथ्या महिन्यात काढून टाकाव्या लागल्या.

किडींत खरा त्रास कळी खाणाऱ्या अळीचा. फुलं अचानक कमी झाली तर खत वाढवण्याआधी कळ्या पाहा: बाजूला टाचणीएवढं भोक आणि खालच्या चिकट पानावर काळी बारीक विष्ठा. संध्याकाळी विजेरी घेऊन हाताने वेचाव्यात. बीटीची (अळ्या मारणारं जिवाणूजन्य कीटकनाशक) फवारणी लहान अळ्यांवरच चालते. कळीत शिरलेल्या अळीपर्यंत ती पोहोचत नाही.

वाफ्यात हेच रोप निम्म्या कष्टात वाढतं. 45 ते 60 सेंमी अंतर, पुढची कड, किमान सहा तास ऊन. पहिले काही आठवडे नियमित पाणी, नंतर वाफसा पाहून. अडचण एकच: पसरलेल्या फांद्यांच्या गालिच्याखाली ओल धरते, तिथे गोगलगायी लपतात आणि पावसात राखाडी बुरशी येते. चिकटलेली कुजकी फुलं वेचून काढावीत.

ऊन प्रखर आणि पाण्याला हात आखडता असेल तर पिटुनियाऐवजी पोर्टुलाका घ्या, ढगाळ दिवशी त्याची फुलं मिटलेली राहतात एवढंच. नॅस्टर्शियम लावलं तर त्याला चुकूनही भरपूर नत्र देऊ नका, नुसती पानं माजतात. कॅलिब्राकोआ (पिटुनियासारखंच, लहान फुलांचं झाड) दिसायला देखणं, पण सामूच्या बाबतीत पिटुनियापेक्षाही नाजूक. जड पाणी असेल तिथे कुंडी त्याला न देता पिटुनियालाच द्यावी.