इन्शुरन्सचा कागद हातात होता तरी 2000 चं चलान, एजंटपासून सावध राहा

राजेहो, कापूस विकून हातात पैसा आला की आपल्याकडे गाडीचा इन्शुरन्स, ट्रॅक्टरचा हप्ता सगळं एकदमच निपटवतात, अन् हे एजंट लोक त्याच टायमाला गावोगाव फिरतात, म्हणून हे आत्ताच लिहून राहिलो.

आमच्या दादानं चारचाकीची थर्ड पार्टी पॉलिसी, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याला काही झालं तर भरपाई देते ती, तालुक्याच्या गावातल्या एका एजंटकडून काढली. पीयूसीवाल्याच्या बाजूला टेबल टाकून, लॅपटॉप घेऊन बसतो, आमच्या इकडच्या कितीतरी गाड्यांचं काम त्याच्याचकडे. पैसे त्यानं यूपीआयनं स्वतःच्याच नंबरवर घेतले अन् व्हॉट्सॲपवर पीडीएफ पाठवला. कंपनीचा लोगो, दादाचं नाव, गाडी नंबर, क्यूआर कोड, सगळं जिथल्या तिथं.

मग एक दिवस मायला डोळे दाखवायला यवतमाळला नेत होतो तर दारव्हा रोडवर नाकाबंदी लागलेली. हवालदार साहेबांनी मशीनमध्ये नंबर टाकला अन् म्हणले, "भाऊ, तुमची गाडी विदाऊट इन्शुरन्स दाखवून राहिली." दादानं प्रिंट काढून दिली, तरी ते ऐकेनात, दादाचा आवाज चढला, माय आतून म्हणे देऊन टाक बापा पैसे अन् चाल. आम्हाला वाटलं हे पैशासाठीच अडवून राहिले. पण त्या साहेबांनी स्वतःच्या मोबाईलनं क्यूआर स्कॅन केला अन् स्क्रीन आमच्यापुढं धरली. नाव दादाचं, नंबर आमच्याच गाडीचा, पण वाहनाचा प्रकार टू-व्हीलर! प्रिंटवर मात्र त्याच जागी प्रायव्हेट कार, अन् नीट पाहिलं तर त्या ओळीतली अक्षरं बाकीच्यांपेक्षा जरा जाड.

म्हणजे खेळ असा की 2022 च्या दरपत्रकात 1000 ते 1500 सीसी कारची थर्ड पार्टी 3416 रुपये आहे अन् 75 ते 150 सीसी दुचाकीची फक्त 714, वरून 18 टक्के जीएसटी. हा माणूस आपल्याकडून कारचे पैसे घेतो, कंपनीत दुचाकी म्हणून भरतो अन् पीडीएफ एडिट करून आपल्या हाती देतो, मधला सगळा पैसा त्याच्या खिशात.

चलान 2000 चं झालं, दुसऱ्यांदा सापडलं की 4000, अन् कायद्यात तीन महिन्यांपर्यंत कैदही आहे. पण मला चलानाचं तेवढं वाटत नाही. समजा त्या रोडवर कोणाला धक्का लागून माणूस दगावला असता, तर अशा पॉलिसीवर कंपनीनं हातच वर केले असते अन् भरपाई मालकाच्या बोकांडी, लाखात. आमच्यासारख्याला वावर विकल्याशिवाय दुसरा रस्ता नाही. हे डोक्यात आलं की अजूनही झोप लागत नाही.

एजंट म्हणे सिस्टीमची चूक आहे, करून देतो, नंतर फोन उचलणंच बंद. ठाण्यात गेलो तर म्हणले आधी कंपनीत विचारा. कंपनीला मेल केला तेव्हा त्यांनी लिहून दिलं की ही पॉलिसी दुचाकीचीच निघाली आहे, कारला लागू नाही. ते उत्तर, यूपीआयचा स्क्रीनशॉट अन् व्हॉट्सॲपची चॅट एकत्र लावली तेव्हा कुठं तक्रार घेतली. ठाण्यात तोंडी सांगून काही होत नाही, भारतीय न्याय संहितेचं कलम 318 फसवणुकीचं आहे, अर्जात सरळ लिहा, पोच घ्या.

तुमची पॉलिसी खरी आहे का ते पाहायला पैसा लागत नाही. सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये गाडी नंबर टाका, इन्शुरन्स कधीपर्यंत आहे ते दिसते. नवीन पॉलिसी चढायला कधी कधी काही दिवस लागतात, तेवढं थांबा, पण नंतरही जुनीच तारीख दिसली तर कंपनीला फोन लावा, अन् तो नंबर एजंटनं दिलेला नको, कंपनीच्या वेबसाईटवरून घ्या. क्यूआर स्कॅन करून वाहनाचा प्रकार, इंजिन नंबर, चेसिस नंबर आरसीशी जुळवा. पैसे एजंटच्या नावावर टाकूच नका, कंपनीच्या लिंकवरच भरा. अन् एक, डिजीलॉकर किंवा एमपरिवहनमधला कागद पोलिसांना मान्य करावा लागतो, व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफचं तसं नाही.

गावात सांगितल्यावर बाकीच्यांनीही तपासलं तर त्याच्याचकडून काढलेल्या अजून काही गाड्यांच्या पॉलिसी अशाच निघाल्या. दारव्हा, दिग्रस, नेर भागातल्या कोणी असा टेबलवरून इन्शुरन्स काढला असेल तर आजच नंबर टाकून अन् क्यूआर स्कॅन करून पाहा, अन् दुचाकी दाखवली तर कंपनीकडून लेखी घेऊन आपापल्या ठाण्यात अर्ज द्या. एकट्या दादाच्या अर्जावर काम लय हळू चालू आहे.